ही रायफल न्हाय!

अख्ख्या भिवंडी तालुक्यात बंदुकीला सगळ्यात जास्त घाबरणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या मामेसासऱ्यांकडे बोट दाखवीन. आणि खारबावच्या आसपासच्या चार-पाच गावांत परवान्याची बंदूक होती ती फक्त त्यांच्याकडेच. वडिलांकडून वारशानं आलेली, भातात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी मंजूर झालेली, दोन नळ्यांची बारा बोअर. घरात बंदूक असली की माणसं निर्धास्त होतात म्हणे. मामांच्या डोळ्याला डोळा लागत नसे तो बंदुकीमुळेच. सत्तरी ओलांडलेला, अंगानं बारीक, मिशीनं मात्र सुभेदार असा हा माणूस अंगणात खुर्ची टाकून बसलेला दिसला की नवख्याला वाटावं, केवढा हा दरारा! प्रत्यक्षात ते बसल्या बसल्या, कपाटाला कुलूप नीट लागलं होतं की नाही हे आठवत असत.

बंदूक रिकामी आहे हे ते दिवसातून तीनदा बघायचे. अंघोळीआधी, जेवणाआधी आणि दिवाबत्तीआधी. मधे कुणी कपाटाजवळून नुसतं गेलं तरी चौथ्यांदा. बंदूक मधून मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरायचे, एकेक डोळा मिटून बघायचे, मग मामींना विचारायचे, "दिसला उजेड?" मामी कोळंबी सोलता सोलता म्हणायच्या, "दिसला." "दोनीतून?" "दोनीतून." "मान वर न करता बोलतेस!" की मामींनी हात धुवायचे, यायचं, बघायचं आणि परत कोळंबीला बसायचं. ज्या भिंतीला ते कपाट टेकवलेलं होतं तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचा झोपाळा होता. मामांनी शेजाऱ्यांना इतकं छळलं, की अखेर त्यांनी झोपाळा दुसऱ्या खोलीत नेला. बंदूक रिकामी, मोडून ठेवलेली, दोन कुलपांच्या आत, पण मामा म्हणायचे, "रिकाम्या बंदुकीनंच लोक मेलेत, जावई. भरलेल्याला सगळे सांभाळून असतात."

काडतुसं तर घरात नसतच. ती असत तीन गल्ल्या सोडून, माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे त्यांच्या ताईकडे, माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात. "बंदूक आणि काडतूस एका छपराखाली नको," मामा सांगत, "लग्नाच्या आधी नवरा-नवरी एका घरात ठेवता काय तुमी?" आता रानडुक्कर काही निरोप पाठवून येत नाही. डुकरं भातात उतरली अशी हाक आली, की मामा आधी कुलपं उघडणार, उजेड बघणार, मामींना दाखवणार, मग ताईकडे जाणार. ताई शिडी शोधणार, डबा काढणार आणि भाऊ दारात आलाय म्हटल्यावर चहा टाकणार. चहा टाळला तर ताईला राग. तो पिऊन मामा बांधावर पोचत तेव्हा डुकरं पोटभर जेवून पार गणेशपुरीच्या वाटेला लागलेली असत. एखादं आळशी डुक्कर मागे राहिलंच, तर मामा आधी चारी दिशांना तोंड करून ओरडत, "सुटतंय रे! कोण हाय का? सुटतंय!" त्या ओरडण्यानं तेही पळून जाई. चाळीस वर्षांत मामांनी बंदूक किती वेळा उडवली, असं मी एकदा मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "उडवली असंल दोनदा. एकदा ह्यांच्या हातून सुटली, आणि एकदा सुटते का बघायला."

पण मामांची खरी ओळख होती ती एका व्याख्यानासाठी. त्यांच्या बंदुकीला कुणीही 'रायफल' म्हटलं, की मामा असेल तिथे थांबत आणि फरक समजावून सांगत. गावात सगळेच तिला रायफल म्हणत, त्यामुळे मामांना कुठेही पोचायला उशीर होई. "आयका," ते सुरू करत, "रायफलीच्या नळीला आतून आटे असतात, स्क्रूला असतात तसे. गोळी निघते ती भोवऱ्यासारखी गरगर फिरत. फिरता भोवरा पडतो का? न्हाय पडत. तशी ती गोळी सरळ जाते, आणि लय लांब जाते. आपली बारा बोअर आतून गुळगुळीत, पाण्याच्या पायपासारखी. काडतुसात छर्रे. सुटले की पसरतात. मांडवात अक्षता टाकता ना, तसे. अक्षता नवऱ्यापर्यंत जातील, फार तर भटजीच्या डोक्यावर पडतील. शेजारच्या मांडवात न्हाय जायच्या." मग आवाज खाली येई. "रायफलीचा नेम चुकला तर गोळी कुठं जाईल, सांगा. इथनं सुटली तर स्टेशनात जाईल. तिथं गाडीची वाट बघत कोण उभा असंल, त्याचा काय गुन्हा?" हे सांगताना त्यांच्या कपाळावर खरोखर घाम येई. स्टेशनात उभा असलेला तो कुणीतरी मामांना स्पष्ट दिसत असावा. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "म्हणजे छऱ्यांनी माणूस मरत नाही?" मामा पांढरेफटक पडले. म्हणाले, "मरतो की. म्हणून तर काडतुसं ताईकडं हायत."

या व्याख्यानाला जागा-वेळ काही नसे. भाच्याच्या हळदीला काही उत्साही पाहुण्यांनी "मामा, रायफल काढा, दोन बार होऊन जाऊ द्या" असा हट्ट धरला, तेव्हा मामांनी बंदूक काढली नाहीच, उलट गाणी थांबवायला लावून माईकवरून आटे, भोवरा, अक्षता असं सगळं सांगितलं. पाहुणे निमूट जेवायला गेले. एकदा मी त्यांना भिवंडीत एका लूमवाल्या ओळखीच्यांकडे नेलं. म्हाताऱ्या मालकांनी कारखान्याच्या दारातच सहज विचारलं, "मामू, राइफल कैसी है आपकी?" झालं! चाळीस लूम खडखडत होते, शेजारच्याचा शब्द ऐकू येत नव्हता, आणि मामा त्यांचा हात धरून अर्धा तास हातवारे करत होते. मालक अदबीनं मान हलवत होते. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बहोत अच्छा बोलते हैं आपके मामू. बोले क्या?"

मी हसलो तेव्हा. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मालकांच्या कानांवर निदान लूमचा आवाज होता. मी ते व्याख्यान शांत अंगणात बसून तीस-चाळीस वेळा ऐकलं होतं, म्हणजे 'हं', 'हो', 'बरोबर आहे' एवढंच केलं होतं. भोवरा कुणाचा आणि अक्षता कुणाच्या, हे कुणी मला अचानक विचारलं असतं तर मी गडबडलो असतो. आणि नेमकं तेच माझ्या गळ्याशी आलं.

दोन वर्षांपूर्वी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. मी कशेळीच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. दिवसभर कॉम्प्युटरवरच्या यादीतून माल निवडायचा आणि बटण दाबायचं हे माझं काम, त्यामुळे सासुरवाडीत मी कॉम्प्युटरचा मोठा जाणकार समजला जातो. मामांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्याला काळा चष्मा, म्हणून ते शेजारी बसून तोंडी सांगत होते आणि मी भरत होतो. नाव झालं, पत्ता झाला, बंदुकीचा नंबर त्यांना तोंडपाठ. मग आलं शस्त्राचा प्रकार. यादी उघडली. रायफल, रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि खाली डीबीबीएल, एसबीबीएल असली बँकांच्या नावांसारखी अक्षरं. दोन नळ्यांच्या बंदुकीला डीबीबीएल म्हणतात, हे मला कुठे माहीत! मामा त्या क्षणी काय सांगत होते म्हणता? ते सांगत होते, "रायफलीच्या नळीला आतून आटे असतात, जावई..." मी "हो, हो" म्हटलं आणि 'रायफल' दाबलं. पुढच्या खान्यात बोअर विचारला होता. त्यात बारा कुठे दिसेना. काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, म्हणून पहिलं होतं ते निवडलं. महिन्याभरानं परवाना आला. नंबर बरोबर होता, फोटो होता, शिक्का होता. इंग्रजी मजकूर कुणी वाचला नाही. मामांनी तो प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवला आणि मला कोळंबीचं जेवण घातलं.

मग निवडणूक जाहीर झाली. अशा वेळी परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मामांना हे दिवस फार आवडत, कारण तेवढा काळ बंदुकीची काळजी सरकार करत असे. मी सुट्टी घेऊन रिक्षा केली. मामा गवसणीतली बंदूक रिक्षाच्या टपाकडे तोंड करून धरून बसले, काखेत नेहमीची पिशवी. ठाण्यात टेबलाशी एक तरुण हवालदार बाई होत्या. त्यांनी परवाना घेतला आणि, आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. तो वाचला. मग गवसणीतून निघालेल्या दोन नळ्यांकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"काका, रायफल कुठाय?"

"मॅडम, ही रायफल न्हाय," मामा सवयीनं म्हणाले.

"ते दिसतंय मला. ही बारा बोअर आहे. रायफल कुठाय?"

मामांचा चेहरा असा उजळला, की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, न सांगता, फरक ओळखला होता. "बघा जावई!" ते म्हणाले, "मॅडमना कळतंय!" आणि उत्साहानं सुरूच झाले. नळी आतून कशी गुळगुळीत आहे, आटे कसे नाहीत, बोट घालून बघा म्हणाले, बॅटरी मारून बघा म्हणाले, जगातला कोणीही माणूस हिला रायफल म्हणू शकत नाही हे त्यांनी आडवं-उभं सिद्ध केलं. बाई शांतपणे टिपून घेत होत्या. मला मात्र ती यादी आठवली. वरून पहिला शब्द.

मामा थांबल्यावर बाईंनी कागद त्यांच्यासमोर फिरवला. "काका, या परवान्यावर रायफल लिहिलंय. म्हणजे रायफलीचा परवाना आहे, ती तुमच्याकडे नाही. बंदूक तुमच्याकडे आहे, तिचा परवाना नाही. आणि ही रायफल नव्हे, हे तुम्हीच सांगताय. ती रायफल गेली कुठे, हे साहेब विचारणार. चारला येतील. बसा तिकडे."

आम्ही बाकावर बसलो. अकरा वाजले होते. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होतो. बिनपरवान्याचं शस्त्र म्हणजे अटक, म्हणजे कोर्ट, म्हणजे सासूबाई. पेपरात फोटो येईल, गोदामात बातमी जाईल, बायको आयुष्यभर जेवायला वाढेल पण बोलणार नाही. आणि हे सगळं सत्तरीच्या माणसाच्या नावावर, ज्यानं आयुष्यात सिग्नलसुद्धा मोडला नव्हता. एक पळवाट समोर दिसत होती. कॉम्प्युटरची चूक म्हणायचं. त्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो, मामांचाही बसला असता. मी गप्प राहिलो. बारा वाजले, एक वाजला. मामांनी पाणीही घेतलं नाही.

दीडच्या सुमाराला ते हळूच म्हणाले, "जावई, कचेरीत कोण टाइप करणारा असंल, त्याच्याकडून झालं वाटतं. पोरगा असंल नवीन. आपण तक्रार केली तर नोकरी जाईल त्याची?"

मी म्हटलं, "मामा, तो पोरगा मीच."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी यादीचं, अक्षरांचं, पहिल्या शब्दाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एवढ्या वेळा सांगितलं तुमाला," ते म्हणाले.

"मी ऐकत नव्हतो, मामा."

"एकदाबी न्हाय?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थापटला नाही, नुसता ठेवला. "मना वाटायचं, तुमी एकटे तरी आयकता," ते म्हणाले.

चारला साहेब आले. मी उभा राहून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "पुरावा काय? जुना परवाना आहे?" आणि इथे मामांच्या भित्रेपणानं आम्हाला तारलं. त्या पिशवीत त्यांनी वडिलांच्या काळापासूनचे सगळे कागद आणले होते. दर निवडणुकीच्या पावत्या, तपासणीचे शेरे, हातानं लिहिलेलं जुनं परवान्याचं पुस्तक, काडतुसाच्या प्रत्येक डब्याचं बिल. प्रत्येक कागदावर तोच नंबर आणि बारा बोअर. साहेबांनी पानं उलटली, बंदुकीवरचा नंबर स्वतः वाचून घेतला आणि विचारलं, "एवढे कागद रोज घेऊन फिरता?" मामा म्हणाले, "रोज कुठं, साहेब. घराच्या बाहेर पडलो की." साहेबांना हसू आवरेना. माझा जबाब लिहून घेतला, बंदुकीची नीट वर्णनासह पावती दिली आणि निवडणूक झाली की ठाणे शहरातल्या परवान्याच्या कचेरीतून दुरुस्ती करून आणा, तोवर ती इथेच राहील, म्हणाले. बाहेर पडल्यावर मी रिक्षाऐवजी उलट्याच दिशेला चालू लागलो. मामांनीच मला धरून रिक्षात बसवलं.

निवडणूक झाल्यावर दुरुस्तीचा अर्ज मी चारदा वाचून भरला आणि आम्ही ठाण्याला गेलो. तिथले अधिकारी मृदू बोलणारे होते. दुरुस्तीला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "परवाना शेतीच्या रक्षणासाठी आहे. सातबारा आणलाय?"

मामा खुर्चीत चुळबुळले. शेत नूतनीकरणानंतर लगेचच गेलं होतं. भाऊबंदांनी विकायचं ठरवलं, मामांनी सही केली. आता तिथे पत्र्याचं लांबच लांब गोदाम आहे. हे मला माहीत होतं, पण त्याचा बंदुकीशी काही संबंध येईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मामांच्या मात्र आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "शेत न्हाय राह्यलं, साहेब."

"हरकत नाही," अधिकारी म्हणाले. "आत्मसंरक्षण असं कारण देता येतं. कुणापासून भीती आहे ते लिहा. जुना वाद, एखादी धमकी, काहीही. अर्ज विचारात घेऊ." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मामांनी पेन घेतलं. मी बघत होतो. ज्या माणसाला कपाटाच्या कुलपाची भीती होती, शेजाऱ्यांच्या झोपाळ्याची भीती होती, त्याला एक नाव लिहायचं होतं. बांधावरून भांडणारे चुलतभाऊ होते, जमिनीच्या वेळी शिव्या घालून गेलेला एक दलाल होता. कुणाचंही चाललं असतं. मी हळूच त्या दलालाचं नाव सुचवलंही. मामांनी बराच वेळ विचार केला आणि पेन खाली ठेवलं.

"मना कोणाची भीती न्हाय, साहेब," ते म्हणाले, थोडे ओशाळूनच. "कोण कशाला मारील मना?"

"मग परवाना चालू ठेवायला कारण उरत नाही, काका."

"न्हाय उरत," मामा म्हणाले. मग विचारलं, "कायमची जमा करायची तर अर्ज कुठं मिळतो?"

ठरलं ते असं दहा मिनिटांत. कागद झाले, सह्या झाल्या. काडतुसांचा डबा कुठे आणून द्यायचा ते त्यांनी तीनदा विचारून घेतलं.

परतीला भिवंडीची बस मिळाली. मामा खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. मला कशेळीला उतरून दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. पूल लागला तसा ट्रॅफिक तुंबला. पुढे-मागे कंटेनरच कंटेनर. मामा खाडीकडे बघत होते. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "वाईट वाटतंय का, मामा?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, "बाबा रातचे माळ्यावर बसायचे, शेतात. मी लहान होतो, माझ्या हट्टानं मनाबी घेऊन जायचे. बंदूक मांडीवर. मना वाटायचं, आपल्या बापाला जगात कशाची भीती न्हाय. एकदा काळोखात त्यांचा हात माझ्या हाताला लागला. थंडगार. थरथरत होता."

"त्यांनाही भीती वाटायची?"

"लय," मामा म्हणाले. "आणि त्यांना वाटायचं, मना कळलं न्हाय. मीबी कधी बोललो न्हाय."

बस हळूहळू पुढे सरकली. मामा सांगत राहिले: माळा कशाचा बांधलेला होता, पेंढ्याला वास कसा यायचा, बाबा झोप येऊ नये म्हणून हलक्या आवाजात काय गुणगुणायचे. इतक्या वर्षांत यातलं एक अक्षर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कंडक्टरनं "कशेळी, कशेळी" असा पुकारा केला. दोघं-चौघं उतरले. मामांच्या ते लक्षात आलं नाही, आणि मी आणून दिलं नाही. बस सुटली, मी त्यांच्याकडे थोडा आणखी सरकून बसलो.